राम मोठा का कृष्ण मोठा? आधी कर्तव्य कोणावर टाकलं ते पहा

प्रति,
मा. संपादक साहेब,
स. न. वि. वि.

विषय: वाचकांच्या पत्रात चालू असलेल्या राम-कृष्ण वादाबद्दल

साहेब, रामनवमीपासून तुमच्या पेपरात वाचकांच्या पत्रांत एकच वाद चालू आहे, राम मोठा का कृष्ण मोठा, अन् आमच्या गावच्या व्हाट्सअप ग्रुपवर त तो त्याच्याही आधीपासून चालू आहे. कोणी लिहिते राम बारा कलांचा आणि कृष्ण सोळा कलांचा म्हणून कृष्ण पूर्णावतार, कोणी लिहिते रामानं कधी कपट केलं नाही म्हणून राम श्रेष्ठ, मग एकजण वालीचं नाव काढतो की लगेच दुसरा द्रोणाचार्यांचं काढतो, अन् रात्री उशिरापर्यंत हेच चालते. मी आर्वी तालुक्यातली, वर्धा नदीच्या अलीकडची, पलीकडे कौंडण्यपूर म्हणजे रुक्मिणीचं माहेर. चातुर्मासात आमच्या घरी पोथी लागते, कधी रामविजय, कधी हरिविजय, कधी पांडवप्रताप, आधी सासूबाई वाचायच्या, आता मी वाचते, आणि निंदणाची कामं आटोपून बाया संध्याकाळी ऐकायला येतात. ऐकणाऱ्या बाया साध्या नाहीत, प्रश्न विचारतात, आणि पोथीत उत्तर नाही भेटलं की मी वाचनालयातून वाल्मिकी रामायणाचं नाहीतर महाभारताचं मराठी भाषांतर आणून वाचते. त्या वाचनातून जे वाटते ते लिहून राहिली. पत्र लांब झालं आहे, पण कापू नका अशी विनंती.

माझं म्हणणं असं आहे की दोघांची तुलना खुशाल करा, देवाची तुलना केल्यानं देव रागावत नाही. पण कला मोजून हाती काही लागत नाही. कर्तव्य समोर उभं राहिलं तेव्हा ते त्यानं कोणावर टाकलं, स्वतःवर का दुसऱ्यावर, आणि त्याची किंमत कोणी भरली, हे पाहून तुलना करा. असं पाहिलं की राम अन् कृष्ण आपल्याला वाटतात तेवढे दूर राहत नाहीत. आणि जिथं मन खट्टू होते ती जागाही नेमकी सापडते.

रामाचं पहा. अयोध्याकांडात त्याला वनात न जाण्यासाठी किती वाटा मोकळ्या होत्या! लक्ष्मण म्हणतो मी एकटा लढतो, राज्य हिसकून घेऊ. कौसल्या म्हणते बापाचा शब्द जसा मोठा तसा आईचाही मोठा, मी सांगते जाऊ नको. अन् सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे खुद्द दशरथ म्हणतो की बाळा, मी कैकेयीच्या वरात फसलो, तू मला कैदेत टाक आणि राजा हो. ज्याच्या शब्दासाठी जायचं तोच जाऊ नको म्हणून राहिला! पुढे चित्रकूटला जाबाली नावाचा ऋषी येतो आणि सांगतो की कोण कोणाचा बाप, मेलेला माणूस जेवायला येत नाही, राज्य घे अन् सुखानं रहा. रामाला त्याचा राग येतो, तो म्हणतो सत्य हेच राज्याचं मूळ आहे, राजा जसा वागतो तशी प्रजा वागते. इथं ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की १४ वर्षांचा वनवास रामानं स्वतःवर घेतला, सीतेला अन् लक्ष्मणाला तो चला म्हणाला नाही, उलट घरी रहा म्हणून विनवलं, ती दोघं आपल्या हट्टानं निघाली.

आता आमच्याकडे याच गोष्टीचं काय केलं जाते ते सांगते. पोरीला शिकायला अमरावतीला जायचं असते, बाप म्हणतो रामानं बापाचा शब्द पाळला, तू काऊन नाही पाळत. पण शब्द पाळायला सांगणारा दशरथ नव्हता ना! तो त रडत होता, मला कैद कर म्हणत होता. बापाच्या तोंडी रामाची गोष्ट घालायची असेल तर दशरथाचं सगळं बोलणं घाला, अर्धं नाही.

कृष्णाचं असंच अर्धं घेतात. सप्त्यात एक वाक्य नेहमी ऐकायला भेटते, रामासारखं वागा अन् कृष्णानं सांगितलं तसं वागा. म्हणजे कृष्ण वागला तसं वागू नका, तो देव होता, त्याला चालते. भागवतात रासाच्या कथेनंतर शुकदेवही असंच सांगतात, मोठ्या सामर्थ्याच्या लोकांचं बोलणं खरं मानावं, वागणं मात्र कुठं कुठंच घ्यावं, शंकरानं विष पचवलं म्हणून आपण पिऊ नये. ठीक आहे. पण गीतेच्या तिसऱ्या अध्यायात कृष्ण स्वतः काय म्हणतो, की अर्जुना, तिन्ही लोकांत मला करायचं असं काही उरलं नाही, मिळवायचं काही राहिलं नाही, तरी मी काम करतो, कारण मी जर आळसानं बसलो तर माणसं माझ्याच वाटेनं येतील. त्याला पक्कं ठाऊक आहे की लोक आपलं पाहून वागणार. मग त्याचं वागणं बाजूला ठेवून चालणार कसं, ते नीट समजून घ्यावंच लागते.

कर्णपर्वातली एक गोष्ट आहे, ती कीर्तनात फार कमी ऐकायला भेटते, म्हणून जरा सविस्तर सांगते. युद्धाचा सतरावा दिवस. कर्णाच्या बाणांनी घायाळ झालेला युधिष्ठिर छावणीत पडून आहे, अर्जुन त्याला भेटायला येतो. युधिष्ठिराला वाटते हा कर्णाला मारून आला, पण कर्ण त जिवंत असतो, तेव्हा तो चिडून वाट्टेल ते बोलतो अन् म्हणतो, तुझं गांडीव दुसऱ्या कोणाला देऊन टाक. आणि अर्जुनाची प्रतिज्ञा अशी की जो मला असं म्हणेल त्याचं डोकं उडवीन. तो खरंच तलवार उपसतो, मोठ्या भावावर! तेव्हा कृष्ण त्याला धरतो अन् कौशिक नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगतो. हा कौशिक नदीच्या संगमावर राहायचा, सदा खरंच बोलीन असा त्याचा नेम होता. एक दिवस काही माणसं चोरांच्या भीतीनं पळत आली अन् जवळच्या झाडीत लपली. मागून चोर आले, त्यांनी विचारलं अन् ह्यानं खरं ते सांगून टाकलं. चोरांनी त्या माणसांना मारलं, आणि खरं बोलणारा कौशिक नरकात गेला. कृष्ण म्हणतो नेम पाळला म्हणजे धर्म झाला असं नाही, जीव जगतात कशानं, कोणाचा घात होतो, हे पहावं लागते. मग अर्जुनाची प्रतिज्ञाही राहावी आणि भाऊही वाचावा म्हणून तो उपाय सांगतो, थोरल्याला अपमानाचं बोललं की तो जिवंतपणी मेल्यासारखाच, तू त्याला अरेतुरे कर. अर्जुन बोलतो, बोलून झाल्यावर त्याचंच काळीज फाटते, तो स्वतःला मारायला निघतो, तेव्हा कृष्ण म्हणतो आपल्याच तोंडानं आपली स्तुती कर, ते आत्महत्येएवढंच आहे. मला महाभारतातली ही जागा फार थोर वाटते, दोन भाऊ रागानं वेडे झालेले अन् मधे एक माणूस दोघांची अब्रू आणि दोघांचा जीव सांभाळून राहिला.

रामानं शब्द राखला अन् कृष्ण शब्दाच्या पलीकडे पहायला शिकवतो, हा फरक खरा आहे. पण किंमत कोणी भरली ते पहा. हत्यार धरणार नाही असं कृष्ण बोलला होता. भीष्माच्या बाणांपुढं पांडवांची सेना फुटून राहिली आणि अर्जुन मन लावून लढत नाही हे पाहून तो रथातून उडी टाकतो अन् चक्र घेऊन भीष्मावर धावतो. अर्जुन मागून पळत जाऊन पाय धरतो तेव्हा दहाव्या पावलावर तो थांबतो. स्वतःचा शब्द, स्वतःचं नाव, त्यानं दुसऱ्यासाठी पणाला लावलं. युद्ध संपल्यावर गांधारी शंभर पोरं गेलेली आई म्हणून त्याला शाप देते, की छत्तीसाव्या वर्षी तुझंही कुळ असंच आपसात मरेल अन् तू एकटा मरशील. त्याच्याजवळ शाप परतवायची ताकद नव्हती काय? तो ऐकून घेतो. मौसलपर्वात ते सगळं तसंच होते, यादव एकमेकांना मारतात अन् शेवटी एका व्याधाचा बाण लागून कृष्ण जातो. द्रोणाचार्यांच्या वेळी अश्वत्थामा मेला असं युधिष्ठिरानं अर्धं खरं बोललं, तेव्हा त्याचा जमिनीपासून चार बोटं वर चालणारा रथ खाली टेकला, आणि त्याच कपटापायी शेवटी त्याला नरकाचं दर्शन घ्यावं लागलं. व्यासांनी कपटाला माफी कुठंच लिहिली नाही, ज्यानं केलं त्याच्याकडून किंमत भरून घेतली.

म्हणून जेव्हा गावात कोणी भावाच्या हिश्श्याचं वावर आपल्या नावावर चढवून घेतो, सातबाऱ्यावरून बहिणीचं नाव कमी करून घेतो अन् वर म्हणतो कृष्णानंही कपट केलं होतं, तेव्हा मला संताप येतो. कृष्णानं कोणतं वावर घेतलं रे बाप्पा? कंसाला मारलं, राज्य उग्रसेनाला दिलं. युद्ध जिंकलं, राज्य युधिष्ठिराला दिलं. युद्धाच्या आधी पाच गावांवर तडजोड करायला तो स्वतः हस्तिनापूरला गेला, होणार नाही हे ठाऊक असून गेला, विदुराला म्हणाला की जमलं नाही तरी प्रयत्न केल्याचं पुण्य कुठं जात नाही. एवढं करणाऱ्याचं नाव घेऊन बहिणीचा हिस्सा गिळायचा!

आता मन खट्टू होते त्या जागेबद्दल. सीता. अरण्यकांडात सीता रामाला स्पष्ट म्हणते की वैर नसताना शस्त्र चालवणं बरं नाही, तपस्व्याजवळ इंद्रानं तलवार ठेवायला दिली अन् ती जवळ बाळगून बाळगून त्या तपस्व्याची बुद्धी कशी फिरली ती गोष्ट ती सांगते. राम रागावत नाही, ऐकतो, म्हणतो मी ऋषींना शब्द दिला आहे. नवरा-बायको धर्मावर बोलून राहिले, बरोबरीनं, किती छान प्रसंग आहे तो. आणि तोच राम उत्तरकांडात लोक बोलतात म्हणून पोटुशी सीतेला वनात सोडायला लावतो, तिला एक शब्द न विचारता, तेही लक्ष्मणाच्या हातून. इथं कर्तव्य राजाचं अन् वनवास राणीला. राजानं दुसरं लग्न केलं नाही, यज्ञाला सोन्याची सीता बसवली, हे सगळं मी पोथीत वाचते, मोठ्यानं वाचते, पण बाया गप होतात अन् मलाही पुढचं पान उलटायला जड जाते. शंबूक नावाच्या शूद्र तपस्व्याचं तर त्याहून जड. तप केलं म्हणून रामानं मारलं. आमच्या गावात १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतलेली घरं आहेत, त्यांच्यातल्या एका पोरानं सप्त्याच्या मांडवात उभं राहून हाच प्रश्न विचारला, तर त्याला खाली बसवलं. काऊन बसवलं? त्यानं शिवी दिली नव्हती, प्रश्न विचारला होता. उत्तरकांड मागाहून जोडलेलं आहे असं बरेच अभ्यासक मानतात अन् मलाही तसंच वाटते, पण तेवढं बोलून सुटका होत नाही, कारण कथा शेकडो वर्षं वाचली गेली अन् तिचं ओझं माणसांनी वाहिलं. मी रामाची भक्त आहे आणि मी म्हणते की ह्या दोन्ही ठिकाणी जे झालं ते मला धर्म वाटत नाही. ज्यानं कैकेयीच्या दारात सगळं स्वतःवर घेतलं त्याच रामाची ओळख धरून मी हे म्हणते.

असं म्हणणारी मी पहिली नाही. भवभूती आपल्या विदर्भाचा, गोंदिया जिल्ह्यात आमगावजवळचं पद्मपूर हे त्याचं गाव मानलं जाते, आठव्या शतकातला नाटककार. त्याच्या उत्तररामचरितात राम आधी म्हणतो की लोकांच्या समाधानासाठी प्रेम, दया, सुख, अन् जानकीलाही सोडायला मला दुःख वाटणार नाही. अन् मग तिसऱ्या अंकात तोच राम दंडकारण्यात येऊन रडून बेशुद्ध पडतो, आणि सीतेची मैत्रीण वासंती वनदेवता त्याला तोंडावर विचारते, तू माझा जीव, तू माझं दुसरं काळीज असं म्हणून म्हणून त्या भोळीला भुलवलंस अन् मग काय केलंस? पुढे जनकही चिडतो. शेवटी भवभूतीनं सीतेला धरणीत जाऊ दिलं नाही, दोघांना भेटवलं. नाटकात रामाला प्रश्न विचारायला कवीला भीती वाटली नाही, अन् आज मांडवात पोराला खाली बसवतात.

अन् आमची रुक्मिणी. भावानं, रुक्मीनं, शिशुपालाशी लग्न ठरवलं. मुलीचं कर्तव्य काय, तर भाऊ म्हणेल तिथं जाणं. तिनं कृष्णाला ब्राह्मणाच्या हाती निरोप पाठवला, भागवताच्या दहाव्या स्कंधात तो आहे, सात श्लोकांचा. त्यात मला सगळ्यात आवडते ती एक गोष्ट, ती म्हणते की मी अंतःपुरात राहते, माझ्या नातलगांना न मारता मला कसं नेशील असं तुला वाटेल, त म्हणून उपाय मीच सांगते, लग्नाच्या आदल्या दिवशी आमच्यात कुलदेवीची यात्रा असते, नवरी गावाबाहेर गिरिजेच्या देवळात जाते, तिथून ने. आपली निवड केली, पण आपल्यापायी घरच्यांचे मुडदे पडू नयेत ह्याची काळजी तिनंच घेतली. पुढे कृष्ण रुक्मीला मारायला निघाला तेव्हाही पाय धरून भावाला वाचवलं. भावाचं ऐकलं नाही अन् भावाचा जीव वाचवला, दोन्ही एकाच पोरीनं. स्वधर्म हा शब्द मला ह्या विदर्भकन्येकडे पाहून जेवढा कळला तेवढा प्रवचनातून नाही कळला. कौंडण्यपूरहून पालखी पंढरपूरला जाते तेव्हा आम्ही बाया नदी ओलांडून दर्शनाला जातो, खणानारळानं ओटी भरतो, पण ह्या निरोपाबद्दल तिथं कोणी बोलत नाही.

गीतेत म्हटलं आहे की दुसऱ्याचा धर्म चांगला जमत असला तरी त्याहून आपला धर्म उणा असला तरी बरा. ज्ञानोबांनी तिसऱ्या अध्यायात त्यावर लिहिलं, अगा स्वधर्मु हा आपुला । जरी कां कठिणु जाहला । तरी हाचि अनुष्ठिला । भला देखैं ॥ ह्याचा अर्थ काही लोक असा लावतात की ज्यानं जिथं जन्म घेतला तिथंच रहावं, वर मान करू नये. त्यांनी वनपर्वातला धर्मव्याध वाचावा. कौशिक नावाचाच एक ब्राह्मण (वरचा वेगळा), अंगावर घाण टाकली म्हणून नजरेनं बगळी जाळून टाकली एवढं त्याचं तप. भिक्षेला एका घरी गेला, बाई नवऱ्याला वाढत होती म्हणून उशीर झाला, हा तापला, तर ती म्हणाली मी काही बगळी नाही जळायला, धर्म शिकायचा तर मिथिलेला व्याधाकडे जा. मिथिलेत तो व्याध खाटकाच्या दुकानावर मांस विकत बसलेला, स्वतः जनावर मारत नाही, खोटं बोलत नाही, म्हाताऱ्या आईबापाला देवासारखं सांभाळतो. तो ब्राह्मणाला धर्म शिकवतो आणि सांगतो की तू आईबापाला न विचारता घर सोडून आला, ते रडून आंधळे झाले, आधी घरी जा. घरकाम करणारी बाई अन् मांस विकणारा माणूस, हे दोघं गुरू. तो ब्राह्मणाला सांगतो जा, म्हणजे त्याचं स्वतःचं काम त्याला करायला लावतो. जन्मानं माणसाला खाली दाबायला हीच पोथी कशी वापरता येईल मला त समजत नाही.

आपल्या वर्धा जिल्ह्यात पवनारला विनोबांना वावर खणताना भरत-रामाच्या भेटीचं शिल्प सापडलं, ते आश्रमात आहे, ज्यांनी पाहिलं नाही त्यांनी एकदा जाऊन पहावं. विनोबांनी १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर जी प्रवचनं दिली त्यात बाराव्या अध्यायावर बोलताना तुलनाच केली आहे, लक्ष्मण अन् भरत यांची. एक रामाजवळ राहून सेवा करणारा, एक रामापासून दूर राहून रामाचं काम करणारा. त्यांनी लहानमोठा ठरवला नाही, दोन्ही भक्ती एकमेकींना कशा पुऱ्या पडतात ते दाखवलं. भरताला राज्य आयतं भेटत होतं, त्यानं पादुका ठेवल्या अन् नंदिग्रामात वल्कलं नेसून राहिला. आमच्याकडे दोन भावांत बांधावरून कोर्टात तारखा चालू आहेत, त्या दोघांच्याही घरी राम-भरत भेटीचा फोटो आहे.

तर साहेब, विनंती अशी. तुमच्या अध्यात्माच्या पानावर रोज एक सुविचार अन् एक श्लोक छापता, त्याऐवजी आठवड्यातून एकदा एक पूर्ण गोष्ट छापा, सुरुवातीपासून शेवटापर्यंत. दशरथाचं बोलणं, कर्णपर्वातला कौशिक, गांधारीचा शाप, धर्मव्याध, रुक्मिणीचा निरोप, ह्या पाच तरी नक्की. शंबूकाचीही छापा, अन् त्याखाली वाचकांच्या प्रतिक्रिया छापा, बौद्ध वाचकांच्याही. आम्ही बायांनी ह्या वर्षीच्या सप्त्यासाठी गावच्या मंडळाकडे अर्ज दिला आहे की काल्याच्या आदल्या रात्री कीर्तनानंतर अर्धा तास प्रश्नांसाठी ठेवावा आणि विचारणाऱ्याला कोणी खाली बसवू नये. मंडळातले दोघं-तिघं हो म्हणाले, बाकीचे पाहू म्हणाले. तुमच्या पेपरात हे छापून आलं तर त्यांना हो म्हणायला सोपं जाईल.

पत्र छापताना नाव टाकू नये, तालुका टाकला तरी चालेल.

जय गुरुदेव.

आपली,
एक वाचक, ता. आर्वी, जि. वर्धा